अर्धी मॅच

६६ जिंकल्या, ४२ हरल्या. १९८१ साली अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २६ टीम होत्या आणि त्यातल्या एकाही टीमचा रेकॉर्ड सिनसिनाटी रेड्सपेक्षा चांगला नव्हता. प्लेऑफला त्या वर्षी नेहमीच्या चार ऐवजी आठ टीम घेतल्या, म्हणजे जागा दुप्पट केल्या, आणि तरी त्या आठात रेड्स नव्हते. कॅन्सस सिटी रॉयल्स मात्र होते, ज्यांनी ५० जिंकल्या होत्या आणि ५३ हरल्या होत्या.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सांगणारा काहीतरी गाळतोय. मी तेव्हा सिनसिनाटीत नोकरीला होते, आणि त्या गावात बेसबॉलकडे पाठ फिरवून राहता येतच नाही, सीझनच्या पहिल्या मॅचला फिंडले मार्केटपासून परेड निघते, पोरं शाळा बुडवतात, ऑफिसात त्या दिवशी कुणी मीटिंग ठेवत नाही. आमच्या ऑफिसात एक साठीकडे झुकलेला माणूस होता, शांत, कामापुरतं बोलणारा, पण १९८१ हा आकडा नुसता कानावर पडला की त्याचा आवाज बदलायचा. मला आधी वाटायचं की इतकी वर्षं झाली, आता सोडून द्यायला काय हरकत आहे? मग एकदा त्याने मला कागदावर दोन आकडे लिहून दाखवले, ३६-२१ आणि ३५-२१, आणि विचारलं, यात मागे कोण आहे सांग. त्या कागदानंतर मी या सीझनबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि आता माझाही आवाज बदलतो.

आधी थोडं समजून घेऊ, कारण आपल्याकडे बेसबॉल फार कुणी बघत नाही. एका सीझनला प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, जवळजवळ रोज मॅच. ड्रॉ जवळपास नसतोच. पॉइंट नसतात, नुसतं जिंकलेले-हरलेले. तेव्हा चार डिव्हिजन होते, प्रत्येक डिव्हिजनचा एक विनर, आणि ते चार प्लेऑफला, एवढं साधं होतं. १६२ मॅचमध्ये नशीब बऱ्यापैकी धुऊन निघतं, एखादा खराब आठवडा आला तरी चालतं, आणि म्हणूनच या खेळात लोक लांब सीझनला इतकं मानतात.

१२ जून १९८१ ला खेळाडूंनी संप केला. भांडण फ्री एजंटच्या भरपाईचं होतं. खेळाडूचा करार संपला आणि तो दुसऱ्या टीमकडे गेला तर ज्या टीमने त्याला घेतलं तिने पहिल्या टीमला बदल्यात एक खेळाडू द्यावा, अशी मालकांची मागणी. खेळाडूंचं म्हणणं, असं केलं तर आम्हाला घेणार कोण, मोकळं होण्याचा हक्क जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वी मिळालाय आणि तो तुम्ही मागच्या दाराने काढून घेताय. मार्विन मिलर युनियनच्या बाजूने, रे ग्रेबी मालकांच्या बाजूने. संप खरं तर मेच्या शेवटीच होणार होता, कोर्टात गेला, पुढे ढकलला गेला. मालकांनी लंडनच्या लॉइड्सकडून संपाचा विमा काढून ठेवला होता, ५ कोटी डॉलरचा, आणि तो विमा संपायची वेळ आली तसा ३१ जुलैला समझोता झाला. यावरून काय समजायचं ते वाचणाऱ्याने समजावं, माझं मत खेळाडूंच्या बाजूचं आहे. पण या लेखात मला संप बरोबर की चूक यात शिरायचं नाहीये. संप हा हक्क आहे, मॅच बुडणार होत्या, बुडल्या. ७१३ बुडल्या.

माझा राग आहे तो नंतर जे केलं त्यावर.

ऑगस्टमध्ये खेळ परत सुरू होणार होता. टीम साधारण ५०-६० मॅच खेळून थांबल्या होत्या, पुढे अजून पन्नासएक होणार होत्या. सरळ मार्ग काय होता? जिथे थांबलो तिथून पुढे चालू करायचं. मॅच कमी-जास्त झाल्या तर जिंकण्याची टक्केवारी बघायची, आणि डिव्हिजनचा विनर ठरवायचा. पण मालकांनी ६ ऑगस्टला ठरवलं की सीझनचे दोन भाग करू. संपाआधी आपल्या डिव्हिजनमध्ये जो पहिल्या नंबरवर होता तो फर्स्ट हाफचा विनर, आता सगळे पुन्हा शून्यावरून सुरू, त्यातला पहिला तो सेकंड हाफचा विनर, आणि हे दोघे आपसात बेस्ट ऑफ फाइव्ह खेळतील. कारण उघड होतं. दोन महिने प्रेक्षक रुसलेले, स्टेडियम भरायचं तर सगळ्या गावांना आशा दाखवायला हवी, ०-० म्हटलं की शेवटच्या नंबरच्या टीमचंही तिकीट विकलं जातं. आणि प्लेऑफचा एक राउंड जादा म्हणजे टीव्हीचे पैसे जादा.

म्हणजे यांकीज, ओकलंड, फिलाडेल्फिया फिलीज आणि लॉस एंजेलिस डॉजर्स या चार टीमना ६ ऑगस्टला कळलं की आपण प्लेऑफला पोचलोय. दोन महिन्यांपूर्वीच पोचलोय. आणि रेड्सना कळलं की आपण दोन महिन्यांपूर्वीच हरलोय.

आता ते दोन आकडे. दोघे एकाच डिव्हिजनमधले, डॉजर्स ३६-२१, रेड्स ३५-२१. हरलेल्या मॅच सारख्याच! डॉजर्सनी एक मॅच जास्त जिंकली होती कारण त्यांची एक मॅच जास्त झाली होती. बेसबॉलच्या टेबलात याला अर्धी मॅच मागे म्हणतात, जिंकलेल्यातला फरक एक, हरलेल्यातला फरक शून्य, बेरीज करून भागिले दोन. ही अर्धी मॅच म्हणजे रेड्सनी खेळून गमावलेलं काही नाही. ती न झालेली मॅच आहे. पाऊस, प्रवास, शेड्युल, कशानेही टेबलात असा फरक रोज पडत असतो आणि कुणी त्याकडे बघतही नाही कारण सप्टेंबरपर्यंत सगळं सारखं होतं. जूनमधलं टेबल हे जूनमधलं टेबल असतं. शाळेत सहामाहीचा पेपर देऊन घरी जावं आणि सुट्टीत पत्र यावं की तो वार्षिकचा होता, निकाल लागलाय, तसं हे झालं.

संप होणार हे सगळ्यांना माहीत होतं हे खरं, आणि यावर कुणी म्हणेल की मग रेड्सनी आधीच जोर लावायचा. पण जोर कशासाठी? ११ जूनचं टेबल कायमचं गोठवणार आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तोपर्यंत ते ठरलंच नव्हतं. ते माहीत असतं तर मॅनेजर जॉन मॅक्नमाराने जूनचा पहिला आठवडा वेगळ्या पद्धतीने खेळवला असता की नाही? टॉम सीव्हर हा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, त्याच्याकडे होता (मॅचची हार-जीत पिचरच्या नावावरही लिहितात), ज्याने त्या वर्षी १४ जिंकून फक्त २ हरल्या, छत्तीस वर्षांचा, आयुष्यातल्या उत्तम सीझनपैकी एक. पिचरला दोन बॉलिंगमध्ये किती दिवस विश्रांती द्यायची, कुणाला कुठल्या मॅचला राखून ठेवायचं, यावरच तर हा खेळ चालतो, आणि ते ठरवताना मॅनेजर डोळ्यांपुढे ऑक्टोबर ठेवून ठरवतो. त्याला नंतर सांगायचं की ऑक्टोबर जूनमध्येच होता.

इथे माझ्यापुरतं माझं म्हणणं पक्कं आहे. फॉरमॅट लहान असला, विचित्र असला, नशिबाला जास्त वाव देणारा असला तरी मी तो सहन करते, पण तो खेळायच्या आधी सांगितलेला पाहिजे. २०१९ ला लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्याही १५, आणि कप गेला २६ बाउंड्री विरुद्ध १७ बाउंड्रीवर. आपण सगळे त्या रात्री चिडलो होतो, नियम मूर्खपणाचा होता आणि आयसीसीने तो त्याच वर्षी काढलाही. पण तो आधीपासून लिहिलेला होता. विल्यमसनला तो माहीत होता, मॉर्गनलाही. त्यामुळे त्याला मी वाईट नियम म्हणेन, अन्याय म्हणताना जरा थांबेन. १९८१ ला मी थांबत नाही.

स्प्लिट सीझन ही कल्पना सुद्धा मुळात वाईट नाहीये. १८९२ ला नॅशनल लीगने ती वापरली होती, बोस्टनने पहिला भाग जिंकला, क्लीव्हलंडने दुसरा. खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये तर ती नेहमीची आहे, पण तिथे एप्रिलमध्येच सांगतात की पहिला भाग अमुक तारखेला संपणार, प्रत्येक जण त्या तारखेवर डोळा ठेवून खेळतो.

आणि घाईत केलेला नियम किती कच्चा होता याचा पुरावा लगेच मिळाला. पहिल्यांदा ठरलं होतं की एकाच टीमने दोन्ही हाफ जिंकले तर तिच्यासमोर त्या डिव्हिजनमधली, पूर्ण सीझनचा रेकॉर्ड बघून दुसरी आलेली टीम खेळेल. ऐकायला नीट वाटतं. शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर टोनी ला रुसा आणि सेंट लुइस कार्डिनल्सचा व्हायटी हर्झॉग यांनी बसून विचार केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की याचा अर्थ बघा. समजा व्हाइट सॉक्सचा पूर्ण सीझनचा रेकॉर्ड चांगला आहे पण सेकंड हाफमध्ये पुढे त्यांच्याच डिव्हिजनमधली कॅन्सस सिटी आहे, आणि शेवटच्या आठवड्यात व्हाइट सॉक्सची मॅच आहे ओकलंडशी, ज्यांनी फर्स्ट हाफ जिंकलाय. आता ओकलंडने सेकंड हाफही जिंकला तर व्हाइट सॉक्स आत, कॅन्सस सिटीने जिंकला तर व्हाइट सॉक्स बाहेर. म्हणजे प्लेऑफला जायचं तर ओकलंडकडून हरायला पाहिजे! दोघांनीही स्पष्ट सांगितलं की अशी वेळ आली तर आम्ही टीमच्या भल्याचं तेच करू. यावर गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्येच नियम बदलला, दोन्ही हाफ एकानेच जिंकले तर सेकंड हाफमधला दुसरा त्याच्यासमोर. मला या दोघांबद्दल फार आदर वाटतो, कारण गप्प राहून ऐनवेळी फायदा उठवता आला असता, त्यांनी भोक आधी दाखवलं.

पण बदललेल्या नियमाने मोठं भोक बुजलंच नाही. ज्या चार टीमची जागा पक्की होती त्यांना ऑगस्ट-सप्टेंबर कशासाठी खेळायचा? दोन्ही हाफ जिंकले तर बक्षीस काय, तर प्लेऑफला एखादी घरची मॅच जास्त. यांकीज सेकंड हाफला २५-२६, फिलीज २५-२७, डॉजर्स २७-२६. हे लोक मुद्दाम हरत होते असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधार नाही, पण सप्टेंबरमध्ये जखमी खेळाडूला बसवायचं की उतरवायचं हा प्रश्न त्यांच्यासाठी आणि रेड्ससाठी वेगळा होता. रेड्स जीव तोडून खेळले, ३१-२१. त्याच डिव्हिजनमधले ह्यूस्टन ॲस्ट्रोज त्यांच्याहून चांगले खेळले, ३३-२०, दीड मॅचने पुढे राहिले आणि सेकंड हाफ त्यांनी जिंकला. तो त्यांनी खेळून जिंकला, तिथे माझी तक्रार नाही.

आणि मग इथेच एक गोष्ट आहे जी रेड्सच्या माणसांना ऐकायला आवडत नाही, आमच्या त्या सहकाऱ्यालाही आवडली नव्हती. आपण म्हणतो पूर्ण सीझन धरला असता तर रेड्स ६६-४२, डॉजर्स ६३-४७, म्हणून रेड्स जिंकले असते. पण डॉजर्सची ती २७-२६ ही जागा पक्की झालेल्या टीमची २७-२६ आहे. एकच लांब सीझन असता तर ऑगस्टमध्ये डॉजर्स अर्ध्या मॅचने पुढे असताना काय खेळले असते, हे कुणाला सांगता येईल? फर्नांडो व्हॅलेन्झुएला त्यांच्याकडे होता, वीस वर्षांचा मेक्सिकन पिचर पोरगा, ज्याने त्या वर्षी सुरुवातीच्या आठच्या आठ मॅच जिंकल्या आणि सगळ्या अमेरिकेला वेड लावलं. म्हणजे त्या नियमाने रेड्सची जागा तर नेलीच, शिवाय रेड्स खरंच सगळ्यात चांगले होते का हे तपासायची सोयही नेली. पुरावा म्हणून जो आकडा दाखवायचा तो आकडाच त्या नियमाखाली तयार झालेला. मला हे जास्त लागतं. हरलेल्या माणसाला निदान हिशोब तरी स्वच्छ मिळायला हवा होता.

कार्डिनल्सचं तर रेड्सहून विचित्र झालं आणि त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. डिव्हिजनमध्ये पूर्ण सीझनचा सगळ्यात चांगला रेकॉर्ड त्यांचा, ५९-४३. फर्स्ट हाफला ३०-२०, फिलीज ३४-२१. बघा, एका टीमच्या ५० मॅच झाल्यात, दुसरीच्या ५५, आणि यावर निकाल लावला. सेकंड हाफला २९-२३, मॉन्ट्रियल एक्स्पोज ३०-२३. पुन्हा अर्धी मॅच, पुन्हा हरलेल्या सारख्याच. हर्झॉगने पुढच्या वर्षी याच टीमचा बराचसा भाग घेऊन वर्ल्ड सीरिज, म्हणजे शेवटची फायनल, जिंकली, त्यामुळे सेंट लुइसची जखम भरली असेल. रेड्सची भरली नाही कारण १९८२ ला त्यांनी ६१ जिंकून १०१ हरल्या. जॉर्ज फोस्टर गेला, केन ग्रिफी गेला, सत्तरच्या दशकातल्या त्या मोठ्या टीमचे जे थोडे उरले होते तेही पांगू लागले. १९८१ हा त्या टीमचा शेवटचा चान्स होता.

सीझनच्या शेवटच्या दिवशी रेड्सनी स्वतःच्या रिव्हरफ्रंट स्टेडियममध्ये स्वतःचा झेंडा चढवला होता, बेसबॉलमधला सगळ्यात चांगला रेकॉर्ड, १९८१, असं लिहिलेला. चॅम्पियनशिपचा झेंडा जसा चढवतात तसा, लीगने न दिलेला. लोक याला रडीचा डाव म्हणतात. मला नाही तसं वाटत. लीगने निकाल दिला तो मानला, कुणी मैदान सोडून गेलं नाही, पण आम्ही इतक्या मॅच जिंकल्या एवढं लिहून ठेवायचा हक्क त्यांना होता. ते स्टेडियम २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरुंग लावून पाडलं.

दुसरी बाजूही मला दिसते, आणि ती मॉन्ट्रियलची आहे. पूर्ण सीझन धरला असता तर एक्स्पोज प्लेऑफला नसते. या वाईट नियमामुळे ते पोचले, फिलीजला हरवलं, आणि डॉजर्सशी पाचव्या मॅचपर्यंत नेलं. १९ ऑक्टोबर, मॉन्ट्रियलची थंडी, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला १-१, दोन आउट, आणि एक्स्पोजचा सगळ्यात भरवशाचा पिचर स्टीव्ह रॉजर्स, जो एरवी सुरुवातीपासून बॉलिंग करतो, त्याला मधूनच आणलं होतं. रिक मंडेने होमरन मारला, २-१, संपलं. त्या गावाला आयुष्यात मिळालेला मेजर लीग बेसबॉलचा तो एकमेव प्लेऑफ. १९९४ ला एक्स्पोज ७४-४०, अख्ख्या बेसबॉलमध्ये पहिले, आणि १२ ऑगस्टला पुन्हा संप, यावेळी १४ सप्टेंबरला वर्ल्ड सीरिजच रद्द. २००५ ला टीमच वॉशिंग्टनला गेली. मॉन्ट्रियलच्या माणसासमोर मी कुठल्या तोंडाने म्हणू की १९८१ चा तुमचा ऑक्टोबर खोटा होता? नाही म्हणणार. एक्स्पोजनी काही चोरलं नव्हतं, तसंच सेकंड हाफ जिंकून आत आलेल्या रॉयल्सनीही नव्हतं, त्यांना जो नियम दिला तो ते खेळले. तरी १९९४ चं एक मला मान्य आहे, तिथे खेळ झाला नाही तर निकालही लावला नाही. एक्स्पोजच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलं नाही.

पूर्ण सीझनच्या रेकॉर्डने चार विनर काढले असते तर ब्रुअर्स, ओकलंड, कार्डिनल्स आणि रेड्स आले असते. वर्ल्ड सीरिज झाली डॉजर्स आणि यांकीजची, म्हणजे त्या चारांत नसलेल्या दोघांची. डॉजर्स ४-२ ने जिंकले, पहिल्या दोन हरून.

१९७२ चा संपही बघण्यासारखा आहे, कारण तिथे सरळ मार्ग घेतला होता आणि तरी फसलं. एप्रिलमध्ये दोन आठवडे गेले, ८६ मॅच गेल्या, त्या भरून न काढता सोडून दिल्या. प्रत्येकाच्या सारख्या गेल्या नव्हत्या. शेवटी डेट्रॉइट ८६-७०, बोस्टन ८५-७०. तीच अर्धी मॅच. पण तिथे सीझन सुरू होतानाच सगळ्यांना माहीत होतं की आपल्या मॅच सारख्या नाहीत, बोस्टनकडे पूर्ण उन्हाळा होता आणि शेवटची सीरिजही डेट्रॉइटशीच होती. वाईट वाटतं, पण रेड्सइतकं नाही.

२०२० ला कोविडमुळे सीझन फक्त ६० मॅचचा झाला. पहिल्या मॅचच्या काही तास आधी, २३ जुलैला, ठरलं की प्लेऑफला १६ टीम घेऊ. काही तास का होईना, पण आधी. ॲस्ट्रोज आणि ब्रुअर्स दोघेही २९-३१ ने आत आले, म्हणजे जिंकल्यापेक्षा हरलेल्या जास्त, रॉयल्ससारखंच. लोकांनी नाकं मुरडली, मीही थोडी मुरडली, पण ६० मॅच प्रत्येक जण आत जायच्या शेवटच्या जागेचा हिशोब डोक्यात ठेवून खेळला होता. रेड्स त्या वर्षी ३१-२९ होते. तेवढ्यावर ते प्लेऑफला गेले, आणि अटलांटासमोर दोन मॅचमध्ये मिळून २२ इनिंगमध्ये एकही रन न काढता बाहेर पडले. मी तोपर्यंत सिनसिनाटी सोडलं होतं, त्या जुन्या सहकाऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर लांबलचक आलं, सगळं बॅटिंगबद्दल, कुणाला कितव्या नंबरवर खेळवायला हवं होतं याबद्दल. फॉरमॅटबद्दल त्यात एक ओळ नव्हती.